दाविदाच्या घरातली दया

आमच्या ख्रिस्ती मंडळीत इस्राएलाच्या दावीद राजाची गोष्ट बाराव्या अध्यायाला संपते. पवित्र शास्त्रात नाही, उपासनेत. संडे स्कूलमध्ये गोफण आणि धिप्पाड गल्याथ होतो. मोठेपणी उरीयाची बायको बथशेबा येते, नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहून 'तो मनुष्य तूच आहेस' म्हणतो, राजा रडतो, आणि पाळकसाहेब तिथून थेट एकावन्नाव्या स्तोत्रावर उडी मारतात. पश्चात्ताप, क्षमा, शुद्ध हृदय. मंडळी 'आमेन' म्हणते आणि रविवारच्या मटणाकडे घरी जाते. त्यापुढचा अध्याय, २ शमुवेल १३, मी व्यासपीठावरून कधी ऐकलेला नाही. माझा जन्म नगरचा (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही), बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं, निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला तोही इथल्याच शाळेत. या काळात किती पाळक आले आणि बदलून गेले. तामारेचं नाव कुणी घेतलं नाही.

न्याय आणि दया यांचं एकमेकांशी कसं जमवायचं, असं कुणी विचारलं की मीखा संदेष्ट्याचं वचन पुढे केलं जातं: 'नीतीने वागणे, आवडीने दया करणे'. आमच्या निम्म्या घरांत ते कॅलेंडरवर असतं. वचन सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी समोरासमोर आल्या तर काय करायचं, हे त्या एका ओळीत मावणारं नाही. दाविदाच्या घरात त्या तशा आल्या होत्या. म्हणून मला कॅलेंडरपेक्षा तो घराणेशाहीचा, रक्ताने माखलेला मजकूर जास्त उपयोगी वाटतो.

अम्नोन दाविदाचा थोरला, गादीचा वारस. तामार त्याची सावत्र बहीण, अबशालोमाची सख्खी. अम्नोनाचा तिच्यावर जीव जडला, निदान त्याला तसं वाटलं. योनादाब नावाचा चुलतभाऊ होता, शास्त्र त्याला फार धूर्त म्हणतं. त्याने युक्ती सुचवली: आजाराचं सोंग घे, राजा बघायला येईल, त्याला सांग की तामारेच्या हातचं खायचंय. राजा आला. राजानेच तामारेला निरोप धाडला की भावाच्या घरी जा, त्याला काही करून घाल. तिने त्याच्या डोळ्यांदेखत कणीक मळली, पोळ्या भाजल्या, पुढे वाढल्या. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं.

तामार यानंतर जे बोलते, त्याच्याइतकं शहाणं बोलणं जुन्या करारात फार थोड्या ठिकाणी सापडतं. तेही हात धरून ठेवलेला असताना. असलं काही इस्राएलात करत नाहीत, ती म्हणते. मी ही अब्रू घेऊन कुठे जाऊ? आणि तुझं काय होईल, तू मूर्खांत जमा होशील. राजाशी बोल. सुटकेची एकेक वाट ती चाचपून बघते: धर्म, स्वतःची लाज, त्याची लाज, रीतसर मागणी. तो ऐकत नाही. जबरदस्ती करतो, आणि ती संपताच त्याला तिचा इतका तिटकारा येतो की आधीचं प्रेमही त्यापुढे कमी पडावं. ऊठ, चालती हो. ती म्हणते, मला असं घालवून देणं हे तू केलंस त्याहून वाईट आहे. तो नोकराला हाक मारून तिला बाहेर काढायला लावतो आणि दाराला अडसर घालायला सांगतो.

तिने डोक्यात राख घातली, राजकन्येचा झगा फाडला आणि डोक्यावर हात ठेवून आक्रोश करत ती निघाली. म्हणजे तिने काही लपवलं नाही. ओरडत गेली. सख्ख्या भावाने मात्र गाठल्या गाठल्या सांगितलं: आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. हे वाक्य ऐकायला यरुशलेमेला जायची गरज नाही. वाडा असो, वस्ती असो, बंगला असो, ते आपल्याकडे सगळीकडे बोललं जातं. तामार अबशालोमाच्या घरी उदास होऊन राहिली, आणि तिचं पुढे काय झालं ते शास्त्राने लिहिलं नाही.

आणि राजा? हे सगळं कानावर आल्यावर दावीद राजा फार संतापला. एवढंच. हिब्रू मजकूर इथे थांबतो. जुन्या ग्रीक भाषांतरात एक वाक्य जास्त आहे: त्याने आपला मुलगा अम्नोन याचं मन दुखवलं नाही, कारण तो थोरला होता आणि राजाचा त्याच्यावर जीव होता. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत शमुवेलाची जी जीर्ण गुंडाळी सापडली, तिच्यातही या वाक्याच्या खुणा आहेत. ते मूळचं की मागाहून घातलेलं, यावर विद्वान वाद घालोत. मला ते खरं वाटतं. थोरल्या लेकाच्या बाबतीत बाप कसे वागतात ते मी शिक्षिका म्हणून पुष्कळ पाहिलं आहे.

तर ही दया आहे. तिला दुसरं नाव देता येत नाही. बाप मुलावर रागावला, आतल्या आत धुमसला आणि त्याने शिक्षा केली नाही. आधीच्याच अध्यायात नाथानाने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा हाच राजा ताडकन उठला होता. ज्याने हे केलं तो मरणाला पात्र आहे, त्याला दया आली नाही म्हणून त्याने चौपट भरून द्यावं. दुसऱ्याच्या मेंढीसाठी क्षणात न्याय, आणि पोटच्या पोरीसाठी नुसता संताप. कारण उघड आहे. उरीयाला मारवून त्याची बायको घरात आणलेला माणूस अम्नोनाला कोणत्या तोंडाने बोलणार? ज्याला स्वतःला क्षमा मिळालेली असते त्याला न्याय करणं जड जातं. माणूस म्हणून मला हे समजतं. पण दावीद नुसता बाप नव्हता. त्या देशात शेवटची दाद त्याच्याकडे मागायची असे. त्याने तोंड मिटलं की तामारेला दुसरं दार उरत नव्हतं. आणि अम्नोनाने जे लुबाडलं ते दाविदाचं नव्हतं, तामारेचं होतं. जे आपलं गेलंच नाही, त्यावर पाणी सोडायचा अधिकार दाविदाला कुणी दिला?

महिला मंडळात मी हा अध्याय वाचायला घेतला तेव्हा आधी सगळ्या अवघडल्या. मग एकदा बोलायला लागल्या त्या थांबेनात. आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत. त्या म्हणाल्या, बाई, राजा अम्नोनाला बघायला त्याच्या घरी गेला, तो आजारी नसताना. तामारेला बघायला गेल्याचं कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नाही. दुसरी म्हणाली, जाऊन बोलला काय असता? तिसरी म्हणाली, बोलायचं कशाला, पोराची गादी काढून घ्यायची. एकीने लेवीयचा विसावा अध्याय उघडला. बहिणीशी असं वागणाऱ्याचा स्वलोकांदेखत उच्छेद व्हावा, असं तिथे आहे. ते ऐकून कुणाचा चेहरा उतरला नाही. या सगळ्या रविवारी प्रभुप्रार्थनेत 'आम्हीही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणणाऱ्या बाया. त्या सूडाला आसुसलेल्या नव्हत्या. कुणीतरी तामारेच्या घरी जायला हवं होतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि त्या म्हणण्यावरून हलायला त्या तयार नव्हत्या.

आमच्या जवळच असं कुणीतरी गेलं होतं. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणून मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथेच ज्यांना समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलं होतं अशा स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. कृपेचं घर आणि तेही जिच्यावर अन्याय झाला तिच्यासाठी. आमच्या प्रवचनांत कृपा बहुतेक वेळा अन्याय करणाऱ्याच्या वाट्याला येते. रमाबाईंनी तो क्रम फिरवला होता.

दाविदाची गोष्ट पुढे जाते ती थांबलेल्या न्यायामुळेच. दोन वर्षं अबशालोम अम्नोनाशी बरंवाईट काहीच बोलत नाही. मग मेंढरं कातरण्याच्या जेवणावळीत, दारू चढल्यावर, चाकरांकरवी त्याला मारतो आणि गश्शूरला आजोळी पळून जातो. तीन वर्षं जातात. राजाचं मन त्याच्याकडे ओढ घेतंय हे सेनापती यवाबाच्या लक्षात येतं. तो तकोवाहून एक चतुर बाई आणतो आणि तिच्या तोंडी बोलणं घालतो. ती विधवेचं सोंग करून राजासमोर येते. माझे दोन मुलगे भांडले, एकाने दुसऱ्याला मारलं, आता भाऊबंद म्हणतात की उरलेल्यालाही आमच्या हवाली कर. माझा शेवटचा निखारा विझवताहेत. राजा अभय देतो, आणि ती राजालाच त्याच्या शब्दात पकडते. आपण सगळे मरणार, ती म्हणते, जमिनीवर सांडलेलं पाणी पुन्हा भरून घेता येत नाही. पण देव जीव काढून घेत नाही, घालवून दिलेला माणूस आपल्यापासून दूर राहू नये म्हणून तो उपाय योजतो.

जुन्या करारात दयेबद्दल याहून चांगलं वाक्य मला ठाऊक नाही. आणि ते एका ठरवून केलेल्या सोंगात, सेनापतीच्या राजकारणासाठी बोललेलं आहे. त्या बाईच्या कहाणीत दोन भाऊ आहेत, आई आहे, भाऊबंद आहेत. बहीण नाही. दोन भावांमध्ये मुळात काय झालं, ते गाळूनच ती रचलेली आहे. दयेचं इतकं सुंदर भाषण तामारेला वगळल्याशिवाय उभंच राहिलं नसतं. पुष्कळ सुंदर भाषणांत अशी एखादी तामार वगळलेली असते, असं मला हल्ली वाटतं.

राजाने अबशालोमाला आणवलं, पण तोंड पाहणार नाही म्हणाला. अर्धी क्षमा. ही आपल्या घराघरांतली आवडती शिक्षा: घरात राहा, पण बोलणार नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने यवाबाचं जवाचं शेत पेटवून भेट मिळवली. बापाने मुका घेतला. अम्नोनाबद्दल शब्द नाही, तामारेबद्दल नाही. आणि पुढच्याच अध्यायात अबशालोम वेशीच्या रस्त्यावर उभा राहतो. फिर्याद घेऊन आलेल्या प्रत्येकाला जवळ बोलावतो: तुझं म्हणणं बरोबर आहे, पण राजाकडून ऐकायला कुणी नेमलेला नाही. मी न्यायाधीश असतो तर! त्याने लोकांची मनं चोरली, असं शास्त्र म्हणतं. मी म्हणेन, मनं आधीच बेवारस पडलेली होती. राजाच्या दारी दाद लागत नाही हे अबशालोमाला कुणी सांगायची गरज नव्हती. तो ते आपल्या घरात, बहिणीच्या तोंडावर रोज बघत होता.

बंड झालं. पळताना दाविदाने घर राखायला दहा उपपत्नी मागे ठेवल्या. अबशालोमाने वाड्याच्या धाब्यावर तंबू ठोकून सगळ्यांदेखत त्यांना भ्रष्ट केलं. एफ्राइमाच्या रानात वीस हजार माणसं पडली. अबशालोम झाडाला लटकला, यवाबाने त्याच्या काळजात भाले खुपसले, आणि दावीद वेशीवरच्या माडीत रडला, 'माझ्या पुत्रा, अबशालोमा'. ते रडणं सगळ्यांना पाठ आहे. त्या दहा बायकांचं काय झालं ते दोन अध्याय पुढे एका वचनात आहे: राजाने त्यांना एका घरात कोंडून ठेवलं, अन्नपाणी दिलं, पण त्यांच्याकडे गेला नाही, मरेपर्यंत त्या विधवेसारख्या राहिल्या. बापाने एका मुलावर केलेल्या दयेचं मोल कुणी कुणी भरलं याची यादी करायची तर ती अशी लांबत जाते. त्यात बापाचं नाव बऱ्याच खाली येतं.

हे सगळं राजवाड्यातलं झालं. मंडळीतही होतं, फक्त रक्त सांडत नाही. एका मंडळीत दफनविधीसाठी घरटी महिन्याला काही रक्कम जमत असे. ती ज्याच्याकडे असे त्याने ती वापरली. उघड झाल्यावर पंचकमिटीच्या सभेत तो रडला. सगळे म्हणाले, भाऊ चुकला, प्रभूने आपल्याला माफ केलं, आपण कोण? प्रार्थना झाली, गळाभेटी झाल्या. चहा येईपर्यंत सगळं मिटलं होतं. मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, धुणीभांडी करणाऱ्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, माफ करा हो, पण माझं नाव वहीत आहे का, तेवढं बघा. वही आणली. त्यांनी दिलेले पैसे बऱ्याच महिन्यांचे लिहिलेलेच नव्हते. म्हणजे जे चोरीला गेलं ते कधी होतं, याचासुद्धा पुरावा नव्हता. मग काहींनी आग्रह धरला, मी त्यांत होते, की हिशेब नव्याने लावायचा आणि उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचायचा. तसा वाचला. त्या माणसाने हप्त्याने निम्म्याच्या आसपास फेडले, मग तो दुसऱ्या गावी गेला. हिशेब जाहीर वाचला हे क्रूर झालं, असं आजही काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मावशींनी शिक्षा मागितली नव्हती. त्यांना लिहून हवं होतं.

न्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी शिक्षा येते. शास्त्रात मात्र शिक्षेच्या आधी मोजमाप येतं. डोळ्याबद्दल डोळा हा नियम रानटी म्हणून बदनाम आहे, पण तो ज्या जगात आला ते जग लामेखाचं होतं. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हा लामेख आपल्या बायकांना गाऊन सांगतो की मला जखम केली म्हणून मी माणूस मारला. काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. त्या जगात एका डोळ्याला एकच डोळा, जास्त नाही, हा लगाम होता. येशूने आपला शिष्य पेत्र याला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितली, तेव्हा त्याने लामेखाचाच आकडा उलटा केला असं मला नेहमी वाटतं. आणि चुकून हत्या झालेल्यासाठी नेमलेली ती सहा आश्रयनगरं बघा. तिथे पोचलं की रक्ताचा सूड घेणारा आत येऊ शकत नसे. पण मुख्य याजक मरेपर्यंत त्या माणसालाही बाहेर पडता येत नसे, आणि पैसे भरून लवकर घरी परतायची सोय गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायाने स्पष्ट बंद केली होती. हेतू नसला तरी एक माणूस मेला आहे, हे त्या दयेने पुसून टाकलं नव्हतं.

देवाने मोशेला आपलं नाव सांगितलं तेच मुळी दुहेरी. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं, मोशेने आज्ञांच्या पाट्या फोडल्या, आणि मग निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात तो म्हणतो की मी दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. आणि त्याच दमात, अपराध्याची गय करणार नाही. पुढच्या संदेष्ट्यांनी हे वचन आपापल्या सोयीने वापरलं. योनाने पहिला अर्धा घेतला, तोही तक्रार म्हणून: तू दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणून तर मी पळालो. नहूमाने दुसरा अर्धा घेतला: तो दोषीला निर्दोष ठरवणार नाही. गंमत ही की दोघेही एकाच शहराबद्दल बोलताहेत. निनवे, अश्शूर साम्राज्याची राजधानी.

योनाला आपण हट्टी मुलासारखं रंगवतो, त्याला गिळणाऱ्या त्या माशामुळे तर जास्तच. पण निनवे म्हणजे काय हे ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर अजून आहे. अश्शूरच्या सन्हेरीबाने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदातलं लाखीश घेतलं, तेव्हाची शिल्पं त्याने निनवेतल्या आपल्या राजवाड्यात कोरवून घेतली होती. सुळांवर चढवलेले कैदी, बैलगाड्यांतून हाकलून नेलेली बायकामुलं. त्याआधी वीस वर्षं याच साम्राज्याने उत्तरेकडच्या इस्राएलाची राजधानी शोमरोन संपवली होती. ही गोष्ट वाचणाऱ्यांच्या पूर्वजांनी हे भोगलेलं होतं. त्या शहराला नुसत्या गोणपाटावर माफी? योनाचा राग मला पोरकट वाटत नाही. देवालाही वाटला नसावा, नाहीतर उन्हात बसून एका वेलीवरून त्याच्याशी वाद घालायचं कारण नव्हतं. योनाचं पुस्तक प्रश्नावर संपतं: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं, ज्यांना उजवंडावं कळत नाही, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मी त्यांची कीव करू नये का? नहूमाचंही प्रश्नावर संपतं: तुझी दुष्टाई कुणाला जाचली नाही? इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडलं. दोन्ही पुस्तकं शास्त्रात शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त मीखा. कुणी त्यांतलं एक काढून टाकलं नाही, याबद्दल मी त्या जुन्या संग्राहकांची आभारी आहे.

दाविदाकडे परत येते, कारण त्याच्या राज्यात उलटी चूकही झाली. तीन वर्षं दुष्काळ पडला. कारण असं निघालं की इस्राएलाने गिबोनी लोकांना दिलेलं अभय दाविदाच्या आधीचा राजा शौल याने मोडून त्यांची कत्तल केली होती. दाविदाने गिबोन्यांना विचारलं, काय करू? सोनंनाणं नको, ते म्हणाले, शौलाच्या घरातले सात पुरुष द्या. राजाने दिले. या वेळी हात आखडला नाही, मुलं आपली नव्हती. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला सातांना डोंगरावर फाशी दिलं. त्यांतले दोन शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे होते. तिने खडकावर गोणपाट पसरलं आणि कापणीपासून पाऊस पडेपर्यंत ती तिथेच राहिली; दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना तिने प्रेतांना शिवू दिलं नाही. फाशी दिलेल्याचं प्रेत त्याच दिवशी पुरावं, असा शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात नियम आहे. तो पाळावासा कुणाला वाटला नव्हता. शेवटी तिची बातमी दाविदाला लागली. त्याने शौलाची, त्याचा मुलगा योनाथान याची आणि त्या सातांची हाडं गोळा करून रीतसर पुरली. शास्त्र म्हणतं, त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली. फाशीनंतर नाही, पुरल्यानंतर. गिबोन्यांची फिर्याद खरी होती, त्यांना न्याय हवाच होता. पण तो रिस्पाच्या पोरांच्या प्राणांनी चुकता झाला, आणि त्या पोरांनी कुणाला मारलेलं नव्हतं.

एकावन्नावं स्तोत्र मी आजही म्हणते. चौथ्या वचनाशी मात्र अडखळते: तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. आणि उरीया? त्याच्याविरुद्ध नाही? प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, असं टीकाकार समजावतात. ते बरोबर असेल. पण याच ओळीचा आधार घेऊन माणसं देवाशी परस्पर मिटवून टाकतात आणि उरीयाच्या घराकडे फिरकत नाहीत, हेही मी पाहिलं आहे. येशूने ही पळवाट डोंगरावरच्या प्रवचनात बंद केली: वेदीशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. आणि जकातदार जक्कय बघा. येशू त्याच्या घरी उतरतो तो कुठलीही अट न घालता, लोकांच्या नाकावर टिच्चून. जक्कय उभा राहून सांगतो, अर्धं गरिबांना, आणि ज्याला मी फसवलं त्याला चौपट. दाविदाने मेंढीसाठी फर्मावलेलं तेच चौपट. दाविदाने ते दुसऱ्याला लावलं, जक्कयाने स्वतःला लावून घेतलं. दया आधी आली, हिशेब मागून, पण आला. वधस्तंभाबद्दल मी ईश्वरविज्ञानात शिरणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. एवढंच दिसतं की तिथे क्षमा करणाराच सगळं सोसतो. दुसऱ्या कुणाच्या अंगावर तो ते ढकलत नाही.

आपल्या काळात हे कसं दिसतं, असं मंडळातल्या बायांनी विचारलं, तेव्हा मी ग्लॅडिस स्टेन्स यांचं सांगितलं. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेले त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना जमावाने जिवंत जाळलं. ग्रॅहम बारीपद्याच्या कुष्ठधामात १९६५ पासून काम करत होते. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि मुलीसह तिथेच राहून ते काम पुढे चालवलं. पण खटला थांबवा असं त्या म्हणाल्या नाहीत. क्षमा आपली, गुन्ह्याचे परिणाम कायद्याचे, ही दोन कामं त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी आणि इतर बारा जणांना जन्मठेप झाली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने दारा सिंगची फाशी जन्मठेपेवर आणली, महेंद्र हेम्ब्रमची जन्मठेप कायम ठेवली आणि बाकीच्यांना सोडलं. २१ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्या निकालपत्रात धर्मांतराविषयी काही वाक्यं अशी होती की मेलेल्यांवरच बोट रोखल्यासारखं वाटावं. त्यावर गदारोळ झाला आणि चारच दिवसांत न्यायालयाने ती स्वतःहून बदलली. शिक्षेत फरक पडला नाही. शब्दांत पडला, आणि त्या शब्दांसाठी माणसं हटून बसली हे मला मावशींच्या वहीसारखंच वाटतं. महेंद्र हेम्ब्रम एप्रिल २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीवर सुटला.

मग सिस्टर राणी मारिया. केरळच्या, पण आयुष्य घातलं मध्य प्रदेशात. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या आदिवासींना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला, हक्क समजावून द्यायला धडपडत होत्या. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांनी समुंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, त्याने त्यांना भोसकून मारलं. जन्मठेप झाली. २००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेच्या अर्जामागे घरचे लोक आणि त्यांची संस्था उभी राहिली, आणि २००६ मध्ये तो सुटला. अकरा वर्षं आत काढून. आधी खटला, आधी शिक्षा, आणि मग राखी. तीही मारलेल्या बाईच्या सख्ख्या बहिणीच्या हातची. बिशपांनी किंवा सरकारने तिच्या वतीने बांधलेली नव्हे.

हे ऐकून आमच्या नर्सबाई म्हणाल्या, मला नाही जमणार हे. मी म्हटलं, तुम्हाला कोण सांगतंय? सेल्मीबाईंनाही कुणी फर्मावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, तसं नाही हो, आमच्या घरात फर्मावतात. माझ्या बहिणीला फर्मावलं होतं, तिच्या नवऱ्याच्या बाबतीत, पाळकसाहेबांना घरी बोलावून. मग ती गोष्ट त्यांनी सविस्तर सांगितली. ती त्यांची आहे, इथे लिहायची नाही. त्या दिवशी सभा प्रार्थनेने संपवायचं राहूनच गेलं.